मीनियल (वॉरहॅमर 40,000)

मीनियल म्हणजे वॉरहॅमर 40,000 च्या जगातल्या सरकारी यंत्रणेतला सगळ्यात खालचा कामगारवर्ग, ज्याला नोकरी जन्मानेच चिकटते. गेम्स वर्कशॉप ह्या ब्रिटिश कंपनीने 1987 मध्ये हा टेबलटॉप गेम आणला. त्यात माणसांचं साम्राज्य, म्हणजे इम्पीरियम, साधारण दहा लाख ग्रहांवर पसरलंय आणि सम्राट गेली दहा हजार वर्षं गोल्डन थ्रोनवर धड जिवंत नाही धड मेलेला नाही असा बसून आहे. मग कारभार कोण हाकतं, तर साम्राज्याची नोकरशाही, म्हणजे अ‍ॅडेप्टस टेरा, आणि त्यातलं सगळ्यात अवाढव्य खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटम.

खात्याचं मुख्य काम वसुली, तिकडे टाइद म्हणतात. प्रत्येक ग्रहाची ग्रेड ठरलेली, त्याप्रमाणे धान्य, खनिज, सैन्याला रेजिमेंट्स, जे निघेल ते द्यायचं (स्पेस मरीन्स ह्या खास महायोद्ध्यांच्या ग्रहांना मात्र माफी, वशिला सगळीकडे चालतो). ह्याची कागदपत्रं सांभाळायला अब्जावधी माणसं लागतात. अ‍ॅडेप्ट नोंदी करतात, मीनियल त्यांच्या हाताखाली पडेल ती मेहनत करतात, आणि बाप जे करत होता तेच पोरगा करतो. आपल्याकडचं कुलकर्णी वतन आठवतं खरं, पण वतनाला हक्क होते, मान होता आणि ते 1950 च्या कायद्याने गेलंसुद्धा, इथे नुसतीच चाकरी.

खरी मजा (म्हणजे भीती) पुढेच आहे. ग्रहाग्रहांमधला सगळा व्यवहार वॉर्प नावाच्या एका वेगळ्याच मितीमधून चालतो आणि तिथे वेळेचा काही भरवसा नसतो, त्यामुळे मदतीची हाक टेराला (म्हणजे पृथ्वीला) पोचेपर्यंत कधीकधी ते युद्ध संपून ग्रहसुद्धा गेलेला असतो, तरी अर्ज रीतसर पुढे सरकतोच. काही विभागांचं काम कशासाठी सुरू झालं हे कुणालाच आठवत नाही, तरी पिढ्यानपिढ्या चालू आहे, कारण बंद करायचा ऑर्डर आलेला नाही. रिटायरमेंटचं तर नावच नको, इमानी सेवकाच्या कवटीत यंत्र बसवून तिचा सर्व्हो-स्कल करतात आणि ती हवेत तरंगत परत कामाला लागते.

मूळ गेम लढाईचा, त्यामुळे ही मंडळी तिथे मागेच राहतात. 2008 च्या डार्क हेरसी ह्या रोलप्लेइंग गेममध्ये मात्र अ‍ॅडेप्ट होऊन खेळता येतं, मारामारीत तो यथातथाच पण माहिती काढण्यात बाप.