वरिष्ठांचा हुकूम

फौजदारी खटल्यातला एक बचाव : हात माझा, पण हुकूम वरिष्ठांचा, म्हणून दोष माझा नाही. खानदेशाला हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या नंदुरबारला, तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार त्यात गेले. भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ खालचे उदाहरण अशाच प्रसंगाचे होते : सैनिकाने वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेनुसार, जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. यातले ‘कायद्याच्या आज्ञेनुसार’ हे शब्दच खरे महत्त्वाचे, आणि तेच बहुधा विसरले जातात.

या बचावाचा सर्वांत कडक कस दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला, नाझींवरच्या खटल्यांत लागला. हुकूम पाळला म्हणून जबाबदारी सुटत नाही, फार तर शिक्षा सौम्य होऊ शकते, असे या खटल्यांसाठी केलेल्या १९४५ च्या लंडन सनदेने आधीच ठरवले होते. पुढच्या खटल्यांपैकी एकात मुख्य सरकारी वकील होते बेंजामिन फेरेंझ, वय २७. ट्रान्सिल्व्हेनियात १९२० साली जन्मलेले, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेले, हार्वर्डमधून कायदा शिकून तोफखान्यात शिपाई म्हणून भरती झालेले. नॉर्मंडीनंतरच्या लढाईत ते होते. मग बुखेनवाल्डसारख्या छळछावण्यांत पुरावे गोळा करायला त्यांना पाठवले गेले. वकिलीतला हा त्यांचा पहिलाच खटला.

आरोपी होते पूर्व आघाडीमागे ज्यू, रोमा आणि इतर नागरिकांना गोळ्या घालणाऱ्या जर्मन पथकांचे अधिकारी. पथकांनी बर्लिनला धाडलेले स्वतःचेच अहवाल फेरेंझ यांच्या हाताखालच्या माणसांना सापडले होते. त्यातल्या मृतांची बेरीज दहा लाखांपुढे गेली. एकही साक्षीदार न बोलावता, केवळ त्या कागदांवर, त्यांनी दोन दिवसांत आपली बाजू संपवली. हुकमाचा आधार ओटो ओलेंडॉर्फसह अनेक आरोपींनी घेतला, न्यायालयाने तो फेटाळला. १९४८ च्या निकालात १४ जणांना फाशी सुनावली गेली. प्रत्यक्षात चौघांनाच झाली.

पुढे फेरेंझ यांनी पीडितांच्या भरपाईसाठी आणि कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासाठी आयुष्य वेचले. ते न्यायालय २००२ मध्ये हेगला उभे राहिले. २०११ मध्ये, ९१ व्या वर्षी, फेरेंझ तिथे काँगोचा बंडखोर नेता थॉमस लुबांगा याच्याविरुद्ध सरकारी पक्षातर्फे समारोपाचे बोलले. आरोप होता १५ वर्षांखालच्या मुलांना लढाईत ओढल्याचा. २०२३ मध्ये ते वारले.

या न्यायालयाच्या रोम करारात वंशसंहाराचा हुकूम उघडच बेकायदा मानला आहे. भारत त्या करारात नाही. आपल्याकडे २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १४ लागू आहे, आणि त्याखाली जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचे ते उदाहरण अटीसकट तसेच आहे.