इंटरमिटंट फास्टिंग आणि सोलापूरचे उपवास

इंटरमिटंट फास्टिंग : दिवसातले काही तास किंवा आठवड्यातले काही दिवस उपाशी राहून उरलेल्या वेळात नेहमीसारखे जेवण्याची आहारपद्धती. काय खावे यापेक्षा केव्हा खावे, यावर तिचा भर असतो. तिचे तीन प्रकार रूढ आहेत. १६:८ मध्ये दिवसभराचे खाणे आठ तासांत आटोपतात. ५:२ मध्ये आठवड्यातले दोन दिवस जेमतेम ५०० ते ६०० कॅलरी घेतात. तिसऱ्या प्रकारात एक दिवस उपवास आणि एक दिवस जेवण असा क्रम चालतो. या पद्धतीने वजन उतरते, हे खरे आहे. मात्र रोजच्या ताटातले थोडे कमी करणाऱ्याचेही जवळपास तेवढेच उतरते.

सोलापुरात ही पद्धत मोबाईलवरून नव्याने आली असली, तरी असे उपवास इथल्या घरांत पूर्वीपासून आहेत. श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन संध्याकाळी उपवास सोडणारा माणूस दिवसातून एकदाच जेवतो. चातुर्मासात धारणे-पारणे करणाऱ्या बायका एक दिवस उपास करतात आणि दुसऱ्या दिवशी जेवतात. शहरातल्या दिगंबर जैन कुटुंबांत दिवेलागणीआधी जेवून घेण्याचा नेम पाळला जातो. रमजानमध्ये घड्याळ उलटे फिरते. दिवसा पाण्याचा थेंबही नाही आणि जेवण रात्री. रोजे ठेवणाऱ्यांचे वजन महिन्याअखेरीस सरासरी किलोभर कमी भरते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बहुतांशी भरून येते. हे सारे उपवास व्रताचे आहेत. त्यांनी वजन उतरवावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे वारीला व्यायाम म्हणून जाण्यासारखे आहे.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कॅलरी हा शब्द मराठीत येण्याआधीची, पण तिचा हिशेब चोख आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही भरत नाहीत. ताटलीभर खिचडीला ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, एक बटाटा आणि चमचाभर तूप धरले, तर आकडा ६०० च्या आसपास जातो. ज्वारीच्या दोन भाकरी साधारण ४०० कॅलरींच्या होतात. शिवाय त्यांत प्रथिने आणि चोथा असतो, त्यामुळे पोट बराच वेळ भरलेले राहते. म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी एवढेच खाणारा माणूस खिचडी, वेफर्स आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर एकादशी काढणाऱ्यापेक्षा कमी खातो. सोलापूरची शेंगाचटणी मात्र या हिशेबातून हमखास निसटते. दोन मोठे चमचे चटणीत तेल न धरताही दीडशेवर कॅलरी असतात, आणि कडक भाकरीबरोबर ती दोन चमच्यांवर थांबत नाही. जेवणाच्या आठ तासांत हे सगळे मावते, हीच १६:८ ची मोठी अडचण.

प्रयोगांचा कौलही साधारण हाच आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत १०० जण होते. एकाआड एक दिवस उपवास करणाऱ्यांचे वजन ६ टक्के घटले आणि रोज कमी खाणाऱ्यांचे ५.३ टक्के, हा फरक नगण्य होता. उपवासाच्या गटातले ३८ टक्के लोक मध्येच गळाले, दुसऱ्या गटातले २९ टक्के. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेतच जेवणाऱ्यांचे बारा आठवड्यांत किलोभरही वजन कमी झाले नाही. तिथे किती खावे याचे बंधन नव्हते. चीनमधील वर्षभराच्या अभ्यासात (२०२२) दोन्ही गटांना कॅलरींची सारखीच मर्यादा होती. सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच जेवणाऱ्यांचे ८ किलो उतरले, वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही.

पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो आणि तिथेच अनेकांचा विश्वास बसतो. त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वापरला गेला की त्याच्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही जाते. जेवण पूर्ववत झाले की दोन्ही परततात. उपवासाने पेशी स्वतःची साफसफाई करतात, असेही सांगितले जाते. ऑटोफॅजी नावाची ही प्रक्रिया खरी आहे आणि तिच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. पण ते काम यीस्टवरचे होते, पोटाच्या घेरावरचे नव्हे.

महाराष्ट्रात या पद्धतीला घरोघरी पोचवले ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. दिवसात दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण संपवायचे, ही मूळ कल्पना ते डॉ. श्रीकांत जिचकार यांची मानतात. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडेथोडे पण अनेकदा खा असे सांगत होत्या, आणि लग्नाच्या पंगतीतही दीक्षित की दिवेकर हा वाद रंगे. दोन जेवणांच्या नेमाचा व्यावहारिक फायदा वेगळाच आहे : मधल्या वेळचा गोड चहा, बिस्किटे, भजी आणि रात्री उशिराचे खाणे आपोआप बंद होते. दिवसात चार-पाच वेळा साखरेचा चहा पिणाऱ्याला एवढ्यानेही फरक दिसतो. मोजून खायचा कंटाळा असणाऱ्याला घड्याळ पाळणे सोपे जाते, आणि हीच या पद्धतीची खरी जमेची बाजू आहे.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला मात्र घड्याळ जुळवणे कठीण. वजन घटताना स्नायूही झिजतात. म्हणून जेवण दोनदाच असले, तरी त्यात डाळ, उसळ, दही किंवा अंडी पुरेशी हवीत आणि जोडीला अंगमेहनतीचा व्यायाम हवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यांची साखर उपवासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोस बदलायचा तर तो डॉक्टरांनीच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुले, आधीच कमी वजनाचे लोक आणि खाण्यासंबंधी मानसिक आजार असलेले यांनी ही पद्धत टाळावी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो. तेव्हा वजनासाठी निर्जळी करण्यात काहीच हशील नाही : पाण्यात कॅलरी नसतात, आणि घामावाटे गेलेले पाणी म्हणजे चरबी नव्हे.