टेबल-वारसा बदलतानाचे लॉकिंग (पोस्टग्रेसक्यूएल)

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'अल्टर टेबल … इनहेरिट' ही आज्ञा तयार टेबलाला दुसऱ्या टेबलाचे अपत्य करते, म्हणजे पालक टेबलावरच्या क्वेरीत अपत्याच्या ओळीही येतात. 'नो इनहेरिट' ते नाते तोडते. डेटा जागचा हलत नाही, कॅटलॉगात (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) एक नोंद वाढते किंवा जाते. वेळ खातो तो लॉक, म्हणजे काम चालू असताना इतरांना टेबलापासून थोपवणारे कुलूप.

दोन्ही आज्ञा अपत्यावर 'ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह' लॉक घेतात; तो सर्वांत कडक, वाचनही अडवणारा. पालक टेबलावर मात्र जोडताना 'शेअर अपडेट एक्स्क्लुझिव्ह' (वाचन-लेखन चालू देणारा, पण एका वेळी एकालाच मिळणारा) आणि तोडताना फक्त 'ॲक्सेस शेअर' (साध्या वाचनाला लागतो तोच) लागतो. जोडतानाचा लॉक जड ठेवण्यामागे कारण आहे: दोन सेशननी (डेटाबेसशी जोडलेल्या दोन वापरकर्त्यांनी) एकदमच पहिले अपत्य जोडले, तर दोघेही पालकाची 'अपत्ये आहेत' ही खूण बदलायला जातात आणि 'टपल कॉन्करंटली अपडेटेड' (एकच नोंद दोघांनी एकाच वेळी बदलली) ही एरर येते. ती खूण पुसू शकणारे 'ॲनलाइझ'ही (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) याच लॉकमुळे थांबते.

खरा त्रास तोडताना होतो. नव्या अपत्याला अजून कोणी हात लावलेला नसतो. जुन्याला मात्र पालकावरची प्रत्येक क्वेरी (अपत्ये वगळणारे 'ओन्ली' लिहिले नसेल तर) धरून बसते, तेही ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांचा गट) संपेपर्यंत. तासभराचा एखादा रिपोर्ट चालू असला की 'नो इनहेरिट' त्याच्या मागे अडकते आणि पालकावरची पुढची प्रत्येक साधी 'सिलेक्ट' (वाचनाची क्वेरी) रांगेत 'नो इनहेरिट'च्या मागे. पालकावर जड लॉक कुठेच दिसत नाही, तरी काम ठप्प! म्हणून आधी 'लॉक टाइमआउट' (लॉकसाठी थांबण्याची मर्यादा) दोनेक सेकंदांवर आणावा, आणि आज्ञा फसली तर थोड्या वेळाने पुन्हा चालवावी.

क्वेरीचे उत्तरही चकवते. पालकात १ आणि अपत्यात १० हा आकडा आहे असे धरू. पहिल्या सेशनने नाते तोडले, पण कमिट केले (बदल पक्का केला) नाही. दुसऱ्याने पालकाची बेरीज मागितली. अपत्यांची यादी तो आधीच वाचून लॉकसाठी थांबला. कमिट झाल्यावर त्याला १ नव्हे, ११ मिळतात. तीच क्वेरी पुन्हा चालवली की १. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये अपत्याच्या कॉलमचा टाइपही बदलला असेल, तर थांबलेली क्वेरी टाइप जुळत नसल्याच्या एररने पडते. अपत्य टेबल ड्रॉपच केले (काढून टाकले) असेल तर ते मुकाट्याने वगळले जाते.

एका टेबलाचे नियमाने तुकडे करणाऱ्या पार्टिशनमध्येही असेच जोडणे-तोडणे असते: आवृत्ती १२ पासून 'अटॅच'ला (तुकडा जोडायला) पालकावर 'शेअर अपडेट एक्स्क्लुझिव्ह' पुरतो. इतरांचे काम न अडवता तुकडा तोडणारे 'डिटॅच कॉन्करंटली' १४ मध्ये आले. ते ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही, आणि डिफॉल्ट पार्टिशन (कुठेच न बसणाऱ्या ओळींचा तुकडा) असेल तर मुळीच नाही.