सायक्लोस्टाइलवर वाढलेला खेळ

1974 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून एक खोकं विक्रीला आलं. आत तीन पातळ पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण भुयारं, राक्षस, खजिने रचून ठेवतो. बाकीचे एकेक पात्र होऊन त्यात शिरतात आणि तलवारीचा घाव बसला की हुकला, हे फासे ठरवतात.

गंमत अशी की त्या तीन पुस्तिका वाचून खेळ नीटसा कळतच नसे. लढाईसाठी ‘चेनमेल’ हे वेगळंच नियमपुस्तक वाचकाकडे असेल असं धरून चाललं होतं. जादूगाराने मंत्र एकदा वापरला की तो संपला का, यावर टेबलाटेबलावर वाद. मग जो तो आपापल्या परीने खिंडारं बुजवू लागला, आणि बुजवलेलं दुसऱ्या गावातल्या खेळाडूंना कळवावंसंही वाटू लागलं.

कळवायची वाट मात्र आधीच तयार होती. विज्ञानकथांचे अमेरिकन चाहते 1930 च्या आसपासपासून घरगुती अंक काढत होते. ‘फॅनझिन’ हा शब्दही 1940 मधला, त्यांच्यातलाच. 1963 मध्ये ब्रुकलिनच्या जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ सुरू केलं, ते ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ टपालाने खेळण्यासाठी. म्हणजे खेळावरून टपालाने भांडायची सवय या मंडळींना दहा-अकरा वर्षांची होती.

लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा क्लबात ‘एपीए-एल’ नावाचा साप्ताहिक गठ्ठा निघे. पानांची भिशीच म्हणा ना: प्रत्येकाने आपापली पानं आणायची, ती एकत्र लावायची आणि ज्याने त्याने एकेक गठ्ठा घरी न्यायचा. 1975 मध्ये या गठ्ठ्यात विज्ञानकथा कमी आणि भुयारंच जास्त येऊ लागली. बाकीचे वैतागले. तेव्हा क्लबातल्याच ली गोल्ड यांनी जूनमध्ये फक्त या खेळासाठी वेगळं मासिक काढलं, ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’. जुन्या इंग्रजी नाटकांत पडद्यामागे लढाईचा गलका करायचा असला की रंगसूचनेत हे शब्द येत. नाव चपखल होतं, कारण आतही गलकाच होता.

सायक्लोस्टाइल ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या पानांची कल्पना येईल. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटर बडवायचा. चूक झाली की तिच्यावर द्रव लावायचा, वाळेपर्यंत थांबायचं आणि अक्षर पुन्हा मारायचं. मग शाईच्या रोळावर एकेक पान. (आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांतलीही काही याच यंत्रातून निघाली.) एका पानावर गेल्या शनिवारच्या खेळात कोण मेलं त्याचा वृत्तांत, दुसऱ्यावर नवा मंत्र, आणि शेवटी मागच्या अंकातल्या प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर. उत्तराचं उत्तर यायला महिना, कधी दोन. चटकन उलट बोलता येत नाही म्हणून असेल, पण या भांडणांत युक्तिवाद भरपूर सापडतो.

दुसऱ्याच अंकात खुद्द गायगॅक्स यांचं पत्र आहे. सगळे जण एकाच पद्धतीने खेळू लागले तर हा खेळ कंटाळवाणा होईल, असा त्याचा सूर. त्यांना ते परवडणारंही होतं, कारण चाहत्यांकडून त्यांनी घेतलंही होतं. ‘चोर’ हे पात्र आज कुणालाही मूळ खेळातलंच वाटेल. त्याची कल्पना कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या एका दुकानाभोवती जमणाऱ्या खेळाडूंची. तिथल्या गॅरी स्वित्झर यांनी ती फोनवर सांगितली. गायगॅक्स यांनी तिचा आपला आराखडा जून 1974 मध्ये छापला, तोही एका चाहत्यांच्या वार्तापत्रात. अधिकृत पुरवणीत चोर आला 1975 मध्ये.

हे सौहार्द फार टिकलं नाही. गायगॅक्स यांच्या कंपनीचं स्वतःचं मासिक ‘द ड्रॅगन’ 1976 पासून निघत होतं, आणि 1977 पासून नियमांची जाडजूड, एकसारखी आवृत्ती येऊ लागली. 1978 मध्ये त्याच ‘ड्रॅगन’मध्ये गायगॅक्स यांनी या चाहत्यांच्या गठ्ठ्यांवर तुच्छतेने आसूड ओढला: स्वतःचं नाव छापून आणायची हौस, याहून त्यांची किंमत नाही. तीन वर्षांत माणूस इतका कसा बदलला? मला वाटतं माणूस नाही, धंदा बदलला. हजार प्रती खपवणाऱ्याला बडबडे चाहते हवे असतात. देशभर स्पर्धा भरवणाऱ्याला एकच नियम लागतो.

तोवर कागदं हाताबाहेर गेली होती. मिशिगनमधल्या कॉलेजच्या पोरांनी 1976 मध्ये ‘द डंजनीअर’ काढलं. त्यातल्या जेनेल जॅक्वेज पुढे भुयारांच्या रचनेसाठी इतक्या नावाजल्या गेल्या की एका वाटेवर न अडकवता फिरवणाऱ्या भुयाराचं नातं आजही त्यांच्या नावाशी जोडतात. स्टीव्ह पेरिन यांनी 1976 मध्ये लढाईचे आपले नियम वाटले, आणि 1978 मध्ये ते ‘रूनक्वेस्ट’ या निराळ्याच खेळाच्या कर्त्यांपैकी एक होते.

लंडनची कथा तर योगायोगाचीच. ‘आउल अँड वीझल’ या पत्रकाची एक प्रत लेक जिनिव्हाला पोचली, उत्तरादाखल खेळाचा एक संच आला, आणि पत्रक काढणाऱ्या पोरांनी सहा संचांची ऑर्डर दिली. तेवढ्यावर त्यांना युरोपभरच्या विक्रीचे हक्क मिळाले. त्या पत्रकाचंच 1977 मध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ झालं. वाचकांनी धाडलेले राक्षस त्यात छापले जात. चार्ल्स स्ट्रॉस या शाळकरी मुलाने पाठवलेले गिथयांकी 1981 च्या ‘फीन्ड फोलिओ’ या खेळाच्या राक्षसांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झळकले. ‘बाल्डर्स गेट 3’ हा व्हिडिओ गेम खेळलेल्यांना त्यातली लेझेल आठवत असेल. ती गिथयांकीच.

2019 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळाने अशा घरगुती अंकांसाठी ‘झिन क्वेस्ट’ सुरू केलं, तेव्हा अट अशी होती की अंक लहान आकाराचा, घडी घालून बांधलेला आणि एकाच रंगाच्या शाईत छापलेला हवा. ली गोल्ड यांच्याकडे 1975 मध्ये दुसरा रंग नव्हताच. त्यांचं मासिक 2019 मध्येही निघत होतं. ते थांबलं 2025 मध्ये, त्याच संपादकांच्या हातून.