पलटे (अलंकार)

पलटे म्हणजे सा रे ग म प ध नी हे सात स्वर एका ठराविक नियमाने वर चढत आणि त्याच नियमाने उलटं खाली उतरत म्हणायचे पाठ. पुस्तकात यांना अलंकार म्हणतात, पण शिकणाऱ्यांच्या तोंडी पलटे हाच शब्द बसलाय. गाणं शिकायला आलेल्या नवख्याला स्वर, सप्तक (सा ते नी हा सात स्वरांचा संच) आणि लय या तिन्ही गोष्टी एकदम इथेच भेटतात.

पलट्यांच्या आधी सा लावावा लागतो. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरात नात पेटीपाशी बसली की आजीला पहिलं विचारते, "आजी, गाणं कधी शिकवणार गं?" आणि आजी म्हणते, "आधी सा लाव." हे उत्तर अगदी बरोबर आहे. आपल्याकडे सा ठरलेल्या जागी नसतो, ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे असतो, पुरुषांचा बहुतेक काळी एकच्या, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या आसपास, बायकांचा काळी चारच्या. सा बदलला की बाकी सगळे स्वर त्याच्याबरोबर सरकतात. पांढरी एकला सा धरला तर शुद्ध स्वर सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, पण काळी एकला धरला की रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, असं बोटांना परत शोधावं लागतं. म्हणून पट्टी पाठ करण्यापेक्षा तानपुऱ्यावर कान तयार करणं कधीही चांगलं.

सात शुद्ध, शिवाय रे ग ध नी कोमल आणि म तीव्र, असे एकूण बारा स्वर. सा आणि प अचल, त्यांना कोमल-तीव्र नाही. भातखंड्यांच्या स्वर लिहिण्याच्या पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब. एवढं समजलं की वही वाचता येते.

आता लय. चार-चार स्वरांचा पलटा घ्या, सारेगम रेगमप गमपध मपधनी पधनीसां, मग सांनीधप नीधपम धपमग पमगरे मगरेसा. एका मात्रेला, म्हणजे तालाच्या एका ठोक्याला, एक स्वर धरून तीनतालात म्हटला तर चढताना पाच तुकडे म्हणजे वीस मात्रा होतात आणि तीनतालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, तर सोळाचं, म्हणजे उतरणं दुसऱ्या आवर्तनात पाचव्या मात्रेवर, दुसऱ्या टाळीला सुरू होतं. पूर्ण पलटा चाळीस मात्रांचा, अडीच आवर्तनं, त्यामुळे दुसऱ्यांदा म्हणताना सुरुवात समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) नाही तर नवव्या मात्रेवर, म्हणजे 'खाली'वर (जिथे टाळी न देता हात उघडतात) येते, आणि दुसरी फेरी संपली की बरोबर पाच आवर्तनं होऊन परत सम. हातावर टाळी-खाली देत हे एकदा जमलं ना की सम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नंतर तेच दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात. वेग वाढवायची घाई मात्र करू नये, सूर हलायला लागला की परत ठाय (संथ) लयीत यावं.

ग्वाल्हेरला या शिक्षणाला मोठी परंपरा आहे. ग्वाल्हेर घराण्याचे गवई हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मधे इथे शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि १९१८ मधे माधवराव शिंद्यांच्या आश्रयाखाली भातखंड्यांच्या पद्धतीचं माधव संगीत महाविद्यालय निघालं. या घराण्याची सरळ सपाट तान (वेगाने म्हटलेली स्वरांची ओळ) ऐकली की पलट्यांचं काम लगेच लक्षात येतं, तेच स्वर आकारात (नुसतं 'आ' म्हणत) आणि द्रुत लयीत.

पलटे जरा बसले की भूप राग घेतात. त्यात म आणि नी नाहीत, म्हणून तीन स्वरांचा पलटा सारेग रेगप गपध पधसां असा होतो, आणि सवयीने ग नंतर म लागतोच, तेव्हा आजी नुसती पेटीवरचा प दाबून धरते.