‘नाही’ या उत्तराचा अर्थ

घरात मार खाणारी बाई डॉक्टरांच्या लगेच लक्षात येत असेल, असं बहुतेकांना वाटतं. काळानिळा डोळा, हातावरचे वळ, आणखी काय हवं? प्रत्यक्षात ती फॅमिली डॉक्टरकडे येते ते डोकं दुखतं म्हणून, झोप लागत नाही म्हणून, ओटीपोटातलं दुखणं महिनोन्‌महिने थांबत नाही म्हणून. मार बसलेला असतो तो कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी. कधी मार नसतोच. धमक्या असतात, पैशांची कोंडी असते, सतत पाळत असते. गळा दाबला गेला असेल तरी बाहेरून खूण दिसेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या अंदाजानुसार, 15 ते 49 वयाच्या आणि कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 27 टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा एकदा तरी सोसली आहे. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर त्या रोज बसलेल्या असतात. त्या ओळखायच्या तर विचारावं लागतं.

विचारण्यासाठी तयार प्रश्नावल्या आहेत. ‘हार्क’ नावाची एक फक्त चार प्रश्नांची आहे. गेल्या वर्षभरात जोडीदाराने तुमचा अपमान किंवा मानसिक छळ केला का? त्याची भीती वाटली का? शरीरसंबंधासाठी जबरदस्ती झाली का? लाथ, थप्पड, मार, इजा? एक जरी ‘हो’ आलं तरी पुढे बोलायचं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची संवेदनशीलता 81 टक्के आणि विशिष्टता 95 टक्के निघाली.

हे आकडे कसे वाचायचे? समजा, 1000 स्त्रियांपैकी 100 जणी हिंसा सोसत आहेत. संवेदनशीलता 81 टक्के, म्हणजे त्या 100 पैकी 81 सापडतील, 19 निसटतील. विशिष्टता 95 टक्के, म्हणजे उरलेल्या 900 पैकी 45 जणींवर उगाच शंका येईल. एकूण 126 जणींकडे बोट, त्यातल्या 81 खऱ्या. चार प्रश्नांच्या मानाने हे फार चांगलं आहे.

पण मला खरं कुतूहल आहे ते पुढच्या प्रश्नाचं. त्या 100 जणी ‘खरंच’ हिंसा सोसत आहेत, हे संशोधकांना कळलं कसं? रक्तातल्या साखरेची पट्टी तपासायची तर प्रयोगशाळेतलं मोजमाप शेजारी ठेवता येतं. ते रुग्णाच्या मनावर अवलंबून नसतं. इथे मात्र ‘हार्क’ची तुलना केली होती दुसऱ्या, 30 प्रश्नांच्या प्रश्नावलीशी. म्हणजे मोजपट्टीसुद्धा त्या बाईच्या उत्तरांचीच बनलेली!

याचा परिणाम गणितात बघा. समजा, आणखी 25 जणी अशा आहेत की त्यांनी छोट्या प्रश्नावलीत सांगितलं नाही आणि मोठ्या प्रश्नावलीतही नाही. हिशोबात त्या ‘हिंसा नसलेल्या’ 900 मध्ये गेल्या, इतकंच नाही तर दोन्हीकडे ‘नाही’ जुळलं म्हणून चाचणीच्या बाजूने मोजल्या गेल्या. खरी संख्या 125 धरली तर 81 भागिले 125, म्हणजे जेमतेम 65 टक्के. आणि या 25 चा आकडा त्या अभ्यासातून काढायची कुठलीही सोय नाही. सर्वात जास्त घाबरलेल्या बाया आकडेमोडीतून अशा नाहीशा होतात.

म्हणून संवेदनशीलता ही त्या चार वाक्यांचा गुण नाही, ती त्या खोलीचा गुण आहे. तीच बाई, तेच प्रश्न. शेजारच्या खुर्चीत नवरा किंवा सासू असेल तर उत्तर ‘नाही’. सांगून काय होईल आणि न सांगून काय होईल, याचा हिशोब ती त्या काही सेकंदांत करत असते. दार बंद आहे का, दुभाषा नात्यातला आहे का, हे घरी कळेल का, यावर तो हिशोब फिरतो. समोरासमोर विचारण्यापेक्षा स्वतः भरायचा फॉर्म स्त्रियांना बरा वाटतो, असं कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. ‘हे मी सगळ्यांनाच विचारते’ एवढं आधी म्हटलं तरी कलंकाची धार बोथट होते.

आजकाल दवाखान्यातल्या नोंदी चाळून संगणकच पीडित स्त्री ओळखेल, अशा बातम्या येतात. ज्या जुन्या नोंदींवर तो शिकतो त्यांत गप्प राहिलेल्या बाया ‘हिंसा नाही’ याच रकान्यात आहेत. तो तेच गप्प बसणं शिकेल.

नुसतं ओळखूनही भागत नाही. कॅनडातल्याच 2009च्या एका मोठ्या चाचणीत प्रश्नावलीचा निकाल डॉक्टरांच्या हाती दिला, तरी स्त्रियांच्या आयुष्यातली हिंसा लक्षणीय कमी झाली नाही. अमेरिकेतला तज्ज्ञगट प्रजननक्षम वयातल्या सर्व स्त्रियांना विचारा म्हणतो, तर जागतिक आरोग्य संघटना सरसकट नको, लक्षणांवरून शंका आली की विचारा म्हणते. मतभेद आहे तो यावरच. मला पटतं ते ब्रिटनमधल्या ‘आयरिस’ प्रयोगाचं उत्तर. तिथे डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, डोकेदुखी-नैराश्यासारखी नोंद करताच संगणकावर आठवण येईल असं केलं, आणि प्रत्येक दवाखाना एका ठरावीक समुपदेशक कार्यकर्तीशी जोडला. वर्षभरात या 24 दवाखान्यांतून 223 जणींना मदतीसाठी पाठवल्याची नोंद झाली. नेहमीसारख्या चाललेल्या 24 दवाखान्यांतून फक्त 12. प्रश्न विचारणाऱ्याला पुढे कुणाकडे पाठवायचं हे माहीत होतं, म्हणून त्याने प्रश्न विचारला.

तेव्हा ‘नाही’ आलं की फाइल बंद करू नये. कधी विचारलं आणि तेव्हा ती एकटी होती की कुणी सोबत होतं, एवढं घरच्यांच्या नजरेला पडणार नाही अशा जागी लिहून ठेवावं. सोबत कुणी होतं असं लिहिलेलं असेल, तर पुढच्या खेपेला रक्तदाब मोजायला तिला एकटीलाच आत बोलवावं, आणि पुन्हा विचारावं.