उन्हाळी, गरमी, परमा: खानदेशातल्या गुप्तरोगांची पार्श्वभूमी

मे महिन्यात तरुण पोराला लघवीला जळजळ झाली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘उन्हाळी’. मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, ताक. पारा ४५ अंशांना टेकणाऱ्या मुलखात हा अंदाज बरेचदा बरोबरही असतो. उन्हाळीत लघवी गडद आणि थोडी होते, पाणी पोटात गेलं की उतार पडतो. पण सकाळी लिंगाच्या तोंडाशी पू दिसला, चड्डीवर पिवळसर डाग पडला, तर तो परमा, म्हणजे गनोरिया. संबंधानंतर साधारण २ ते ७ दिवसांत तो दिसतो आणि सब्जानं जात नाही.

सिफिलिसचं नावही ‘गरमी’. दोष उष्णतेचा, असं नावच सांगतं. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथानं मात्र त्याला ‘फिरंगरोग’ म्हटलं, म्हणजे फिरंग्यांच्या संगतीनं येणारा. उपाय पाऱ्याचे आणि चोपचिनी या औषधी मुळीचे. पाऱ्यानं तोंड यायचं, लाळ गळायची, दात हलायचे. तरी लोकांचा त्यावर विश्वास बसला, कारण फोड खरंच जायचा. इथेच सगळी फसगत आहे. सिफिलिसचा पहिला फोड दुखत नाही आणि औषध न घेताही ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. जंतू रक्तात राहतो. पारा असो, जडीबुटी असो की भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीलायक इलाज’ रंगवणारा असो, श्रेय ज्याच्या त्याच्या पदरात पडत गेलं.

जंतू १९०५ मध्ये सापडला, रक्ताची तपासणी १९०६ मध्ये आली, पेनिसिलिन १९४३ मध्ये लागू पडलं. सुरुवातीच्या सिफिलिसला आजही बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन पुरतं. बहुधा दोन्ही कुल्ल्यांत निम्मं-निम्मं देतात. परम्यानं मात्र एकेक औषध निकामी केलं: आधी सल्फा, मग पेनिसिलिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. मेडिकलवरून दोन गोळ्या घेऊन पू थांबला की डोस सोडणारे या घसरणीला हातभार लावतात.

खानदेशात रोगाला वाटा मिळाल्या त्या पोटापाण्याच्या. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, भुसावळ रेल्वेचं जंक्शन, रावेर-सावद्याहून केळीचे ट्रक उत्तरेकडे सुटतात. दिवाळीनंतर नंदुरबारकडची माणसं गुजरातेत जातात. ऊसतोडीला नवरा-बायको सोबत जातात, त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. बांधकामावर आणि कारखान्यांत जाणारे पोरगे एकटे असतात. हातात पहिला पगार, खोलीत सहा-आठ जण, शनिवारची दारू, आणि ओळखीचं कुणी बघायला नाही. म्हणूनच एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी वेगळं काम सुरू झालं. चारित्र्याचा प्रश्न करून हे सुटत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

निरोध वापरूनही फसतं ते का, तेही पाहू. ट्रकच्या केबिनमध्ये किंवा पाकिटात महिनोन्‌महिने तापलेला निरोध ठिसूळ होतो. खोबरेल लावलं तर लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. आणि निरोधाबाहेरच्या कातडीवर फोड असेल तर तो झाकला जात नाही.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणं बघून औषधाचं रंगीत पाकीट फुकट देतात: पू असेल तर करडं, दुखत नसलेल्या फोडाला पांढरं. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी. फोड नवा असताना सिफिलिसचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून काही आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यावं लागतं. एचआयव्हीचंही तसंच, तीन महिन्यांनी परत. विचारायला लाज वाटत असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे.

पुष्कळ घरांत रोगाचा पहिला कागद नवऱ्याच्या नावाचा नसतोच. गरोदर बायकोच्या नेहमीच्या तपासणीत सिफिलिस निघतो, आणि नवऱ्याला दोन वर्षांपूर्वीचा तो न दुखणारा फोड आठवतही नाही. अशा वेळी इंजेक्शन दोघांनी घ्यायचं असतं. एकट्या तिनं घेतलं तर रोग तिला पुन्हा होतो, पोटातल्या बाळाचा धोकाही पुन्हा उभा राहतो.